जाम इंजिन आणि बुडालेला घसारा

कोणत्याही कोरडवाहू गावात शिरा. पडक्या गोठ्याच्या आडोशाला किंवा धुऱ्यावरच्या बाभळीखाली एखादा तरी ट्रॅक्टर उभा दिसतोच. टायरमधली हवा गेलेली, सीटवर कोंबड्या बसलेल्या, सायलेन्सरच्या तोंडाशी तांबडा गंज. मालकाला विचारले तर उत्तर दोन शब्दांचे : 'इंजिन जाम.' भंगारवाला येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेलेला असतो. नव्या ट्रॅक्टरचे रंगीत पत्रक घेऊन विक्रेत्याचा माणूसही दोन चकरा मारून गेलेला असतो. एक जण लोखंडाच्या भावाने न्यायला तयार, दुसरा कर्जाच्या हप्त्याने द्यायला तयार. आहे तोच ट्रॅक्टर चालू करून पाहा असे सांगायला मात्र कोणी येत नाही. त्यात कोणाचे कमिशन नाही.

अग्रलेखाची जागा आम्ही या वेळी या जाम इंजिनाला दिली आहे. कपाशीचा भाव सोडून संपादक मिस्त्रीगिरी करायला लागले की काय, असे काही वाचकांना वाटेल. वाटू द्या. इंजिन धरते ते गंजाने हे खरे. पण गंज चढायला वेळ मिळतो तो शेतकऱ्याच्या हातात दुरुस्तीचा पैसा नसल्यामुळे, आणि तो पैसा कुठे गेला याचे उत्तर बाजार समितीच्या हिशेबपट्टीत सापडते. म्हणून आधी इंजिनाचे पाहू आणि मग हिशेबाचे.

ओढून काढू नका

इंजिन फिरत नाही म्हटले की गावात पहिला सल्ला मिळतो तो दुसऱ्या ट्रॅक्टरला टोचन लावून ओढण्याचा. वरचा गिअर टाकायचा, क्लच सोडायचा आणि दहा जणांनी ओरडायचे. बसकण मारलेला बैल शेपूट पिरगाळून एक वेळ उठेल, इंजिन उठत नाही. पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला चिकटलेल्या असतात. अशात चाकांकडून हिसका बसला, की कनेक्टिंग रॉड वाकतो, रिंगांच्या खाचा फुटतात, लायनर तडकतो. सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असेल तर आणखी वाईट. पाणी हवेसारखे दाबले जात नाही; वाकायचे ते रॉडलाच वाकावे लागते. पुन्हा पुन्हा सेल्फ मारण्यानेही हेच होते. आधी बॅटरी मरते, मग सेल्फ जळतो, नाहीतर फ्लायव्हीलच्या रिंगचे दात जातात. थोड्या तेलाने आणि पंधरा दिवसांच्या धीराने सुटले असते ते काम पूर्ण इंजिनकामावर जाते. मग भंगारवाल्याचाच अंदाज खरा ठरतो.

हत्यार उचलण्याआधी मालकाने एकाच प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे. इंजिन चालता चालता धरले, की उभे राहून धरले? पाणी संपून, तेल संपून, तापून नांगरटीत धरले असेल, तर पिस्टनची धातू वितळून लायनरला लागलेली असते किंवा बेअरिंग चिकटलेले असते. तिथे तेल ओतून काही साधत नाही, इंजिन खोलावेच लागते. पण चांगला चालता ट्रॅक्टर हंगाम संपल्यावर उभा केला, दोन पावसाळे गेले आणि मग फिरेना, तर तो बहुधा गंज आहे. उघड्या सायलेन्सरमधून पाऊस आत गेला, उघड्या राहिलेल्या वॉल्व्हमधून एखाद्या सिलिंडरमध्ये उतरला आणि तिथे रिंगांनी लायनर धरला. असे इंजिन पुष्कळदा सुटते. आमचे पुढचे सांगणे त्याच्यासाठी आहे.

खरेच इंजिनच जाम आहे का, तेही पाहून घ्यावे. बॅटरीची तार सोडा, चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलमध्ये आणा, पी.टी.ओ.चा दांडा सोडवा. पंख्याचा पट्टा काढून पाण्याचा पंप आणि डायनामो हाताने फिरवून पाहा. सेल्फ उतरवून घ्या. कधी कधी त्याचे दातेच फ्लायव्हीलच्या दातांत अडकून बसलेले असतात आणि सेल्फ निघताच इंजिन मोकळे फिरते. ही तपासणी एका सकाळची आहे. ती न करता हेड उघडणे म्हणजे पोटदुखीला ऑपरेशन सांगणे.

तेल द्या, वेळ द्या

चेंबरचा नट पूर्ण न काढता थोडासा ढिला करा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते आणि आधी तेच येते. पाणी आले किंवा तेल दुधाळ निघाले, तर पाणी आत कुठून शिरले याचा शोध नंतर घ्यावा लागेल : हेड गॅस्केट, लायनरचे रबर, की नुसता पाऊस. जुने तेल पूर्ण काढून टाका.

आता नोझल काढा. नोझल गंजून बसलेला असेल तर त्यालाही आदल्या दिवशी तेल द्या. वरचे झाकण काढून रॉकर शाफ्टचे बोल्ट थोडे थोडे करून ढिले करा, म्हणजे सगळे वॉल्व्ह बंद होतील. जो वॉल्व्ह वर येत नाही तो आपल्या गाईडमध्ये धरला आहे असे समजून त्यालाही तेल द्यावे आणि लाकडाने हलके ठोकावे. वॉल्व्ह उघडे राहिले तर ओतलेले तेल पिस्टनवर न थांबता सायलेन्सरकडे निघून जाते.

प्रत्येक सिलिंडरमध्ये नोझलच्या भोकातून साधारण अर्धा पेला तेल सोडा. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मे निम्मे चालते. बाजारात गंज सोडवण्याचे पातळ तेल मिळते, ते अधिक चांगले. काही मिस्त्री पॉवर स्टिअरिंगचे तेल आणि ॲसिटोन निम्मे निम्मे करून वापरतात. ते मिश्रण फार छान झिरपते, पण ॲसिटोन पेट्रोलसारखे पेटते. ते बंद खोलीत वापरू नका आणि जवळ विडी-काडी नको. चिंध्या पेटवून इंजिन 'शेकण्याचा' उद्योग तर कोणीच करू नये.

मग वाट पाहा. रोज सकाळी स्वच्छ तार घालून तेलाची पातळी मोजा आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवा. ज्या सिलिंडरमधले तेल खाली उतरते तिथे ते रिंगांच्या कडेने झिरपते आहे. उतरले तेवढे पुन्हा घाला. आठ-दहा दिवस घाई करू नका.

फिरवताना हाताच्या ताकदीपेक्षा कानाला काम द्यावे. पुलीवर आणि तिच्या शेजारी खडूची रेघ मारा. पुलीच्या नटाला पाना लावायचा तो नट घट्ट होण्याच्या दिशेनेच, नाहीतर नट सुटून येईल आणि इंजिन फिरले असा भास होईल. उलट्या दिशेला फिरवायचे असेल, तर सेल्फच्या जागेतून फ्लायव्हीलच्या दातांना टॉमी लावा; एकाच दातावर भार देऊ नका. पान्याला लांब पाइप घालून त्यावर दोन गडी लटकवू नका. पुढे-मागे, पुढे-मागे, थोडा जोर द्यायचा आणि सोडायचा. पहिल्या दिवशी खडूची रेघ केसभर हलली तरी पुष्कळ झाले. हलली म्हणून एकदम पूर्ण फेरा मारायला जाऊ नका. जिथे अडेल तिथून परत या, तेल द्या, संध्याकाळी पुन्हा बघा. गंजाचा चुरा रिंगेत अडकून लायनरवर ओरखडा पडतो तो याच घाईत.

दोन-तीन आठवड्यांत काहीच हलले नाही, तर हेड उतरवा. कोणत्या पिस्टनने धरले आहे ते दिसेल. बहुतेक वेळा ते एक-दोनच असतात. लायनरची उघडी भिंत बारीक पॉलिश पेपरने साफ करा, पुन्हा तेल द्या आणि पिस्टनच्या मापाचा बाभळीचा गोल ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. हातोडा थेट पिस्टनवर कधीही नको. अगदी वरच्या टोकाला असलेला पिस्टन ठोकूनही खाली जात नाही, कारण तिथे रॉड सरळ उभा असतो. ठोके क्रँकच्या बेअरिंगवर बसतात. त्यासाठी खालून चेंबर उतरवून रॉडची टोपी सोडावी लागते. इंजिनाचा लायनर पाण्यात बसणारा असेल, तर पिस्टन आणि लायनर जोडीने बाहेर काढता येतात. इथून पुढचे काम जाणत्या मिस्त्रीचे. त्याला बोलवा आणि त्याची मजुरी पुरी द्या. आपल्या घामाचे दाम मागणाऱ्यांनी दुसऱ्याचा घाम फुकट घेऊ नये.

फिरले म्हणजे चालू करा असे नव्हे

इंजिन पूर्ण फिरू लागले, की गावात नारळ फोडायची घाई होते. थोडे थांबा. नोझल बाहेरच ठेवून इंजिन हाताने वीस-पंचवीस फेरे फिरवा, म्हणजे वर साचलेले तेल आणि घाण बाहेर पडेल. चेंबरमध्ये नवे तेल घाला, फिल्टर बदला. डिझेलची टाकी धुऊन घ्या, डिझेल फिल्टर बदला, पाइपातली हवा काढा. रॉकरचे बोल्ट कसून वॉल्व्हचे अंतर लावून घ्या. हेड उघडले असेल तर गॅस्केट नवेच.

सगळ्यांत महत्त्वाची तपासणी डिझेल पंपाची. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या पंपाचा रॅक आत धरून बसतो. तो पूर्ण डिझेल देण्याच्या जागी धरलेला असला, तर इंजिन सुरू होताच बेफाम सुटते आणि स्टॉपरची तार ओढूनही थांबत नाही. सिलिंडरमध्ये उरलेले तेल जळूनही इंजिन असेच सुटू शकते. म्हणून पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरची नळी काढून ठेवा आणि हवेच्या तोंडावर घट्ट दाबता येईल अशी जाड फळी हातात घेऊन एक शहाणा माणूस उभा करा. तोंडावर हात ठेवायचा नाही, कापडाचा बोळाही कोंबायचा नाही. पोरेबाळे लांब. इंजिन सुटले तर हवा बंद करणे एवढाच उपाय असतो.

चालू झाल्यावर पांढरा-निळा धूर येईल. तेलाचा दाब दिसला पाहिजे. दिसला नाही तर लगेच बंद. दहा मिनिटे मंद चालवा, बंद करा, पाणी-तेल पाहा. काही तास चालवून तेल पुन्हा बदला. धूर हटला नाही, ताकद आली नाही, तर रिंगा किंवा लायनर गेले. तो खर्च आता समजून-उमजून करता येईल. ब्लॉकच फुटलेला असेल किंवा क्रँक खराब असेल, तर हट्ट धरू नये. एकाच जातीच्या दोन मेलेल्या ट्रॅक्टरांतून एक जिता उभा राहतो. एच.एम.टी.सारख्यांच्या बाबतीत तर हाच मार्ग उरला आहे. पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून झेटॉरच्या तंत्राने हे ट्रॅक्टर बनू लागले. तो ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला, असे शहरात शिकलेली पोरे विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या हिशेबाने काढावे. पण जुन्या इंजिनाचा एक गुण हिशेबात धरा. ते आपल्या गावचा मिस्त्री पाना-टॉमीने उघडू शकतो. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आल्या. धूर कमी व्हावा याला आमचा विरोध नाही. पण तिथे बिघाड शोधायला मिस्त्रीचा कान पुरत नाही, कंपनीचे यंत्र लागते.

घसारा कोणी खाल्ला?

आता हिशेबाकडे या. शेतकी महाविद्यालयात आम्हाला घसाऱ्याचे सूत्र फळ्यावर शिकवले होते. यंत्राची किंमत, वजा शेवटी येणारी किंमत, भागिले आयुष्याची वर्षे. मानू की ट्रॅक्टर ७ लाखांचा, १५ वर्षांनी १ लाखाला जाईल. म्हणजे ६ लाख भागिले १५, वर्षाला ४० हजार रुपये. घरची जमीन १० एकर असेल आणि दुसऱ्याच्या शेतात ट्रॅक्टर जात नसेल, तर एकरी ४ हजार. कोरडवाहू कपाशी एकरी ५ क्विंटल धरली, तर क्विंटलमागे ८०० रुपये. यात डिझेल नाही, टायर नाही, व्याज नाही. यंत्र नुसते झिजते त्याची ही किंमत. आकडे मानलेले आहेत; आपापल्या ट्रॅक्टरचे घालून पाहा.

कारखानदार हा घसारा दरवर्षी खर्चात दाखवतो, त्यावर आयकराची सूट घेतो आणि मालाच्या किमतीत गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. त्याचे यंत्र म्हातारे होते तेव्हा नव्या यंत्राचा पैसा त्याच्या हाती आलेला असतो. आपल्याकडे काय होते? कृषी मूल्य आयोगाच्या ए-२ खर्चात यंत्राचा घसारा धरलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. पण यंत्रात अडकलेल्या भांडवलाचे व्याज ए-२ मध्ये नाही, ते सी-२ मध्ये आहे. फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची जी घोषणा झाली, ती ए-२ अधिक घरची मजुरी या खर्चावर धरली गेली, सी-२ वर नाही. म्हणजे ट्रॅक्टरच्या कर्जाचे व्याज बँक आपल्याकडून पै न पै घेते आणि भाव ठरवताना तेच व्याज सरकारच्या डोळ्यांआड होते.

एवढे करून जो भाव कागदावर येतो, तो तरी हाती पडतो का? २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये, लांब धाग्याचा ८,११० रुपये, संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये जाहीर झाला. त्याच हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ पासून, कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ झाले; आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आपली वेचणी आणि विक्री ज्या महिन्यांत, नेमक्या त्याच महिन्यांत दार उघडे. बाजार खुला असावा हे आम्हीही म्हणतो. पण मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात एका आदेशाने बंद झाली होती, हे आम्ही विसरलेलो नाही. भाव चढला की बाहेरचे दार बंद आणि हंगाम आला की आतले दार उघडे, याला खुला बाजार म्हणत नाहीत.

आता ते ८०० रुपये आठवा. ज्याने हमीभावापेक्षा क्विंटलमागे ८०० रुपये कमी घेऊन गावातच कापूस मोजला, त्याने त्या वर्षीचा ट्रॅक्टरचा सगळा घसारा व्यापाऱ्याच्या काट्यावर ठेवला. घरातले त्याला कळत नाही, कारण त्या दिवशी रोख हातात आलेली असते. कळते ते सहा-सात वर्षांनी. तेल बदलायचे राहते, फिल्टर राहतो, शेडचे पत्रे राहतात, आणि एका पावसाळ्यात इंजिन धरते. शेजारी म्हणतात, निष्काळजी माणूस. निष्काळजीपणा काही ठिकाणी असेलही. सायलेन्सरवर रिकामा डबा पालथा घालायला पैसा लागत नाही, महिन्यातून एकदा इंजिन गरम होईपर्यंत चालवायलाही फार लागत नाही. तेवढे प्रत्येकाने करावेच. पण गावात दहा ट्रॅक्टर असतील आणि चार उभे असतील, तर त्याला चार माणसांचा आळस म्हणता येणार नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टर, त्यांचे टायर आणि ठराविक सुटे भाग यांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. चांगले झाले. पण स्वस्त झालेला ट्रॅक्टरही कर्जानेच घ्यायचा आणि त्याचाही घसारा भावात मिळायचा नसेल, तर बाभळीखाली आणखी एक ट्रॅक्टर येऊन उभा राहील, एवढाच फरक.

बैठकीत काय करायचे

तालुक्याच्या बैठकीला येताना प्रत्येक गावशाखेने उभ्या ट्रॅक्टरांची यादी आणावी : कोणता ट्रॅक्टर, कोणत्या साली घेतला, कधीपासून उभा, चालताना धरला की उभ्या उभ्या, कर्ज आहे की फिटले. एका जातीचे ट्रॅक्टर एकत्र लिहिले, की कोणाचे हेड कोणाला लागेल ते कळेल. लायनर काढायचा पुलर, टॉर्क पाना अशी महागडी हत्यारे प्रत्येकाने घेण्याची गरज नाही. चार-पाच गावांनी मिळून एक संच घ्यावा. जुनी इंजिने जाणणारा मिस्त्री ज्या गावात आहे त्याने दोन तरुण पोरे हाताखाली घ्यावीत, आणि त्या पोरांची रोजी शाखेने द्यावी. सुटलेला ट्रॅक्टर १० एकरांऐवजी ४० एकरांवर फिरला, तर घसारा एकरी ४ हजारांवरून १ हजारावर येतो. हे अंकगणित सरकारच्या मेहरबानीवर अवलंबून नाही.

दुसरे काम वहीचे. या हंगामापासून घसारा स्वतंत्र रकान्यात लिहा. विक्रीची पट्टी त्याच पानाला टाचा. हमीभाव किती, मिळाला किती, फरक किती, आणि त्या फरकात यंत्राची किती वर्षे गेली, हे आपल्या हाताने लिहा. सी-२ च्या दीडपट भावाची मागणी घेऊन आपण जाऊ तेव्हा भाषणांपेक्षा अशा शंभर वह्या जड पडतील.

तोवर एवढे करा. भंगारवाला वजनकाटा घेऊन आला, तर त्याला पंधरा दिवसांनी ये म्हणून सांगा आणि आजच नोझल काढून तेल सोडा.